तबकडीतील सभा



वसंतात व्याख्याने ऐकण्याची सवय नाशिककरांना फार जुनी आहे. अशा व्यासपीठावर वेदान्त शोभतो, इतिहास शोभतो, फार तर अंदाजपत्रकाची चिकित्साही शोभते. परंतु एका कामगार कार्यकर्त्याने उभे राहून इंग्लंड-अमेरिकेतील 'हार्ड रॉक' नावाच्या दणदणीत संगीताविषयी बोलावे, आणि त्यातही १९७० ते १९८० या दशकात भर मैफलीत मुद्रित झालेल्या तबकड्यांविषयी बोलावे, हे काहींना विपरीत वाटेल. संयोजकांनी विषय ऐकल्यावर क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहिले, हे आम्ही लपवून ठेवीत नाही. पण त्यांनी विषय नाकारला नाही, याबद्दल त्यांचे आभार.

आम्ही संगीतशास्त्राचे अभ्यासक नव्हे. आमचे शिक्षण झाले ते पाळीवरून सुटल्यावर, वाचनालयातल्या बाकावर आणि कारखान्याच्या दारावरील सभांत. हे संगीत आमच्या पिढीला भेटले ते कोऱ्या कॅसेटवर तिसऱ्या-चौथ्या हाताने उतरवून घेतलेल्या रूपात. शब्द निम्मे कळत नसत. तरीही एक गोष्ट लगेच कळे. बंद खोलीत केलेले मुद्रण आणि लोकांसमोर केलेले मुद्रण यांत फरक आहे, आणि दुसऱ्यात असे काही आहे जे आम्ही रोज दारसभेत अनुभवतो. ते 'काही' म्हणजे नेमके काय, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हे संगीत कोणाचे, ते पाहू. त्याचा एक मोठा झरा इंग्लंडच्या बर्मिंगहॅम परिसरात आहे. लोखंड, ओतकाम, पत्रेकाम आणि मोटारी यांचा तो मुलूख. आपल्या सातपूर-अंबडची आठवण व्हावी असाच. तेथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, नेहमीची कामगार आली नाही म्हणून त्याला प्रेसवर उभे करण्यात आले. यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके नेली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर कातडे चिकटवले, आणि बोटांना झेपाव्यात म्हणून हलक्या तारा लावल्या. पुढे तो तारांचा ताण आणखी सैल करू लागला, स्वर खाली उतरला आणि जड झाला. 'ब्लॅक सॅबथ' या मंडळीचा जो गंभीर, काळोखा नाद जगभर गेला, त्यात त्या प्रेसचाही वाटा आहे.

श्रोतेहो, ज्यांनी प्रेसशॉपमध्ये काम केले आहे त्यांना ही गोष्ट फोड करून सांगावी लागणार नाही. ज्या यंत्राची सवय नाही त्या यंत्रावर माणूस उभा करू नये, ही मागणी आम्ही आजही करतो. बोट गेल्यावर गिटार वाजवणारा लाखात एक निघतो; बाकीच्यांच्या वाट्याला नुकसानभरपाईचा अर्ज येतो. म्हणून आयोमीचे कौतुक करताना त्या अपघाताचे कौतुक आम्ही करणार नाही.

आता तबकड्यांकडे वळू. पूर्वीची ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे वाजे. आपल्या नाशिकशी ज्या घराण्याचे नाते जडले त्या पलुसकरांपैकी द. वि. पलुसकर १९५५ साली ऐन उमेदीत गेले. त्यांचे गाणे पुष्कळांना ठाऊक झाले ते या तीन मिनिटांच्या चौकटीतून. राग मांडायला जेथे तास लागतो तेथे त्याचा अर्क काढून द्यावा लागे. दीर्घवादी तबकडी आली तेव्हा एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे मिळाली, आणि दोन तबकड्यांचा जोड काढला तर अख्ख्या मैफलीचा ऐवज घरी नेता येऊ लागला. त्याच सुमारास मुद्रणाची यंत्रे मोटारीत बसवून सभागृहाच्या दाराशी नेता येऊ लागली. लंडनच्या जिम मार्शल या दुकानदाराने १९६५च्या सुमारास शंभर वॅटचे ध्वनिवर्धक बांधले, आणि चार माणसांचा आवाज हजारोंना पुरू लागला. लांब तबकडी, फिरते मुद्रणयंत्र आणि मोठा ध्वनिवर्धक, या तिहींच्या संगमावर हे दशक उभे आहे.

१४ फेब्रुवारी १९७० रोजी 'द हू' ही मंडळी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात वाजवीत होती. लक्षात घ्या, राजवाड्यात नव्हे, भोजनगृहात. 'लाइव्ह ॲट लीड्स' या नावाने ती तबकडी त्याच वर्षी निघाली. वेष्टन साधे, चोरट्या मालासारखे, वर शिक्का मारल्यागत नाव. तबकडीच्या लेबलावर तर सूचना होती की खरखर ऐकू येते ती तशीच आहे, दुरुस्त करू नये. आम्हांस ही सूचना फार बोलकी वाटते. जे घडले ते असे घडले, आम्ही त्याला इस्त्री केलेली नाही, असे सांगण्याचे धैर्य तीत आहे.

दुसरे उदाहरण 'डीप पर्पल'चे. १९७२च्या ऑगस्टमध्ये, १५ आणि १६ तारखेला ओसाकात व १७ला टोकियोत, त्यांच्या मैफली झाल्या. आपल्याकडे स्वातंत्र्याची पंचविशी साजरी होत होती तेच दिवस. जपानी कंपनीला फक्त जपानपुरती तबकडी हवी होती. तिचे नावच 'मेड इन जपान'. पण ती इतकी उतरली की जगभर निघाली. 'स्पेस ट्रकिन' हे त्यांचे गाणे स्टुडिओत साडेचार मिनिटांचे. येथे ते वीस मिनिटांच्या आसपास जाते आणि तबकडीची एक बाजू एकटेच व्यापते. आणखी एका गाण्यात गायक इयन गिलन आणि गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांचा सामना लागतो. गिटारने एक तुकडा टाकावा, गळ्याने तो उचलावा. गिटारने अवघड वळण घ्यावे, गळ्याने त्याच्यावर कडी करावी. ज्यांनी कलगी-तुऱ्याचा फड पाहिला आहे, ज्यांनी तमाशातील सवाल-जबाब ऐकला आहे, त्यांना इंग्रजीचा एक शब्द न येताही येथे काय चालले आहे ते कळेल. फड तोच, ढोलकीच्या जागी विजेचे वाद्य, इतकेच.

तेव्हा या तबकड्यांची ओढ कशात आहे? आमच्या मते तीन गोष्टींत.

पहिली गोष्ट जोखमीची. स्टुडिओत चूक झाली तर पुन्हा म्हणता येते, दहा वेळा म्हणता येते. फडावर सुटलेला सूर सुटला. ऐकणाऱ्याला हे ठाऊक असते, म्हणून तो श्वास धरून ऐकतो. दारसभेतील वक्त्याचीही हीच गत असते. पत्रक दहादा तपासता येते, पण सभेत तोंडून गेलेला शब्द परत घेता येत नाही, आणि म्हणूनच त्या शब्दाला वजन असते.

दुसरी गोष्ट लोकांची. अशा तबकडीत श्रोते हे देखील एक वाद्य असतात. 'स्लेड' ही वुल्व्हरहॅम्प्टन भागातील मंडळी. तिने १९७१च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका स्टुडिओ-नाट्यगृहात आपल्या चाहत्यांना बोलावून तीन रात्री मुद्रण केले. 'स्लेड अलाइव्ह' ऐकताना वाटते की अर्धी तबकडी लोकांनीच वाजवली. 'एसी/डीसी'चे यंग बंधू ग्लासगोत जन्मले आणि पोट भरण्यासाठी कुटुंबासह ऑस्ट्रेलियात गेले. १९७८ साली त्याच ग्लासगोच्या अपोलो नाट्यगृहात ते वाजवायला परतले, तेव्हाची लोकांची गर्जना तबकडीवर आहे. गोदी आणि जहाजबांधणीच्या त्या शहराने आपल्या पोरांना ओळखले, एवढे ती गर्जना सांगते.

तिसरी गोष्ट एकटेपणाची, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. तबकडी ऐकणारा बहुधा एकटा असतो. एखाद्या भाड्याच्या खोलीत, रात्रपाळीहून आल्यावर, शेजारी उठू नयेत म्हणून आवाज लहान करून. पण त्या तबकडीत हजार माणसे त्याच्या सोबतीला असतात. ज्या टाळीत त्याचा हात नव्हता तीत तो मनाने सामील होतो. एकट्या माणसाला आपण एकटे नाही असे वाटायला लावणे हे सामान्य काम नव्हे. संघटना तरी दुसरे काय करते?

आता आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा, की या तबकड्यांत लबाडी असते. आक्षेप खरा आहे. 'किस' या अमेरिकन मंडळीच्या १९७५च्या 'अलाइव्ह'वर स्टुडिओत मागाहून बरीच डागडुजी झाली, हे त्यांच्याच लोकांनी मान्य केले आहे. 'थिन लिझी'च्या १९७८च्या 'लाइव्ह अँड डेंजरस'विषयी तर निर्माता म्हणतो की पुष्कळ भाग नंतर भरला, आणि मंडळी म्हणते की तसे नाही. 'जुडास प्रीस्ट'च्या १९७९च्या जपानातील तबकडीवरचे गायन गायकाने पुन्हा म्हटलेले आहे, म्हणून थट्टेखोरांनी तिला 'स्टुडिओतली मैफल' असे नाव ठेवले. पण एक पाहा. लोकांना राग का आला? कारण त्यांना खरे हवे होते. नकली नाण्याची चीड येते ती खऱ्या नाण्याला किंमत असते म्हणूनच.

दुसरा आक्षेप पैशाचा. कंपन्यांना असे मुद्रण स्वस्त पडे. नवी गाणी नकोत, महिनोन्‌महिने स्टुडिओचे भाडे नको. 'ब्लॅक सॅबथ'ची १९७३ सालच्या मैफलींची एक तबकडी तर १९८० साली मंडळीची संमती न घेताच बाजारात आली. माल कामगाराचा, शिक्का मालकाचा, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे. परंतु कारखान्यातील मालकी अन्यायाची आहे म्हणून कापड वाईट होत नाही. विणणाराची बोटे त्यात असतात.

तिसरा आक्षेप, हे परक्यांचे संगीत. मुंबईने ते केव्हाच आपलेसे केले. 'लेड झेपलिन'चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ साली मुंबईत आले आणि आपल्या वादकांबरोबर त्यांनी मुद्रण केले. ते लोकांपुढे रीतसर यायला २०१५ साल उजाडले. १९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' ही मंडळी उभी राहिली. १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा उत्सव पुढे अनेक वर्षे धोबी तलावाजवळच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली भरे. शांतता-क्षेत्राचे नियम आले आणि तेथला मोठा आवाज थांबला. रुग्णालयाशेजारी शांतता हवी, हे आम्ही मान्य करतो. पण शहराने एक जागा बंद केली तर दुसरी द्यावी, एवढे तरी मागायला हरकत नसावी.

आणि येथे आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. बर्मिंगहॅमच्या आणि ग्लासगोच्या कष्टकऱ्यांच्या पोरांचा आवाज लोकांच्या टाळ्यांसह जपला गेला, कारण त्यात कोणाला तरी नफा दिसला. आमच्या लोकांच्या आवाजाचे काय झाले? १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांच्या पहाडी आवाजाने मैदाने भरली. ध्वनिक्षेपक बंद पडला तरी त्यांचे अडत नसे, असे जुने लोक सांगतात. १९६९ साली ते गेले. त्या मैदानांचा, त्या गर्दीचा, कवन संपल्यावर उसळणाऱ्या त्या आरोळीचा किती अंश आज आपल्या कानी पडतो? आपल्याच सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक १९२२ साली जन्मले, मोठेपणी अक्षर शिकले आणि २००४ पर्यंत गावोगाव गात राहिले. त्यांची गाणी वस्त्यावस्त्यांतून जिवंत आहेत, पुस्तकांतूनही आहेत. पण रात्री दोन वाजता कंदिलाच्या उजेडात बसलेल्या लोकांसह गाणारे वामनदादा पुस्तकात मावत नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या सभांची छायाचित्रे आपण पाहतो. त्या सभांचा आवाज कोठे आहे?

आज प्रत्येकाच्या खिशात मुद्रणयंत्र आहे. लीड्सला ज्यासाठी मोटारभर सामान न्यावे लागले ते तळहातावर आले आहे. यापुढे सबब उरलेली नाही. आपल्या परिसरातील वाघ्या-मुरळीचे जागरण असो, भीमजयंतीचा जलसा असो, कारखान्याच्या दारावरील सभा असो, ती लोकांच्या आवाजासह जपून ठेवावी. मात्र गाणाराला विचारून, त्याचे नाव घालून, आणि पैसा झाला तर त्याचा वाटा त्याला देऊन. तरुण मंडळींनी हे काम हाती घेतले तर आमच्या संघटनेच्या कचेरीतील एक कपाट त्यासाठी आजच मोकळे करून देऊ.

दुसरी विनंती याहून सोपी. तबकडी कितीही चांगली असो, ती सभेची आठवण आहे, सभा नव्हे. हे भाषणही उद्या पुस्तकात छापले जाईल. त्यात आमची वाक्ये असतील, पण द्वारकेच्या चौकातून आत्ता ऐकू येणारे मालमोटारींचे भोंगे नसतील, मागच्या रांगेतील खोकला नसेल, तुमचे हसणे नसेल. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता जेथे मिळतात तेथे बसून आपण तासभर एकमेकांचे ऐकले, ही गोष्ट आपल्यापुरतीच राहील. म्हणून तबकड्या अवश्य ऐका. पण जेथे माणसे जमतात तेथे स्वतः जा, आणि टाळी वाजवायची असेल तर हात राखून वाजवू नका.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, याबद्दल आपला ऋणी आहे असे न म्हणता आम्ही इतकेच म्हणतो, की आपण ऐकलेत म्हणून हे भाषण झाले.