ट्रॅक्टरचे इंजिन उतरविताना



मृग तोंडावर आला, की अडलेला ट्रॅक्टर गावातच खोलण्याची घाई होते. लिंबाच्या फांदीला चेन-कप्पी अडकवायची आणि चौघांनी हात लावायचा! फांदी किती वजन पेलते, हे ती मोडेपर्यंत कळत नाही. वजनाचा आकडा ठोकलेली कप्पी आणि पाय साखळीने एकमेकांस बांधलेले उंच लोखंडी तिकाटणेच वापरावे.

जीपचे इंजिन चासीवर बसलेले असते. ते उचलले तरी गाडी जागेवर राहते. बहुतेक ट्रॅक्टरांत मात्र इंजिन, गिअरबॉक्स व मागचा आस बोल्टांनी जोडून त्यांचाच कणा होतो. इंजिन काढले, की मागच्या भागाला पुढे आधार उरत नाही. म्हणून बोल्ट सैल करण्यापूर्वी क्लच हाउसिंगखाली भक्कम स्टँड द्या, डोलणाऱ्या पुढच्या आसावर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोका, मागच्या चाकांना ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर भरवसा नको.

आता साखळी. ३०० किलोचे इंजिन दोन साखळ्यांवर उचलले, तर प्रत्येकीवर १५० किलो भार येतो असे आपण धरतो. साखळ्या उभ्या असतील तरच ते खरे. जमिनीशी कोन ६० अंश असेल तर प्रत्येकीवर सुमारे १७३ किलो, आणि ३० अंश असेल तर पुरे ३०० किलो! आखूड साखळी म्हणूनच तुटते.

क्लचच्या दांड्यावरून इंजिन सरळ पुढे सुटल्याशिवाय वर ओढू नये. सुटताच जाड ओंडक्यांवर टेकवावे. लटकत्या इंजिनाखाली हात घालणारा एकजण प्रत्येक गावात असतो. त्याला तेवढा वेळ चहा आणायला पाठवा.