रुमालाखालचा सौदा
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज शहराच्या कारभाराविषयी बोलायचे आहे. विषय ऐकून कोणी मनात म्हणेल, "आमाले काय करायचं हाय शहराचं? आमचं गाव बरं अन् आमचं वावर बरं." पण शहर काही आपल्या वेशीबाहेर थांबत नाही. २०१६ साली अकोला महानगरपालिकेची हद्द वाढली. आजूबाजूची २४ गावे शहरात गेली. उमरी, खडकी, शिवणी, गुडधी ही त्यांतलीच. काल जो ग्रामपंचायतीचा मतदार होता, तो एका कागदाने महानगरपालिकेचा मतदार झाला. काल नळाची तक्रार सरपंचाच्या ओट्यावर बसून करता येत होती. आता त्यासाठी शहरातल्या मोठ्या कचेरीत जावे लागते.

आणि ज्यांचे गाव शहरात गेले नाही त्यांचे तरी शहरावाचून कुठे भागते? पोरगी अमरावतीला कॉलेजात शिकते. म्हाताऱ्या बापाला घेऊन अकोल्याच्या दवाखान्यात जावे लागते. कापूस, तूर, सोयाबीन विकायला बाजार शहरातलाच. तिथल्या रस्त्यात खड्डा असला तर तुमचीच गाडी मोडते. तिथली नाली तुंबली तर घाणीतून तुम्हीच चालता. बायाबापड्या दिवसभर बाजारात उभ्या राहतात, त्यांच्यासाठी मुतारी नसते. हे सारे शहराच्या कारभाराचे काम आहे.

या कामांना पैसा कोण देतो? शहरातले लोक घरपट्टी देतात. पाणीपट्टी देतात. पूर्वी नाक्यावर जकात घेत, तुमची गाडीही तेथे अडे. आता जकात गेली. २०१७ पासून जीएसटी नावाचा कर आला. तुम्ही दुकानातून चप्पल घेता, साबण घेता, घरावर टाकायला पत्रे घेता. त्या किमतीत कर धरलेला असतो. तो सरकारात जातो आणि त्यातूनच सरकार शहरांना पैसा देते. तेव्हा शहराच्या तिजोरीत तुमचाही पैसा आहे. त्याचा हिशेब विचारायला तुम्ही काही परके नाही.

आता हा पैसा गळतो कसा ते पाहू. समजा, एका रस्त्याला दहा लाख रुपये मंजूर झाले. काम कोणाला द्यायचे यासाठी निविदा काढतात. निविदा म्हणजे "हे काम तुम्ही किती रुपयांत कराल?" असे सर्वांना विचारणे. ज्याचा भाव कमी आणि ज्याला काम येते, त्याला ते द्यावे अशी रीत. पण काही ठिकाणी ठेकेदार आधीच आपसात ठरवून घेतात. तीन जण भाव भरतात. त्यातले दोघे नावाला असतात. मग काम मिळाले म्हणून कोणाला टक्का द्यायचा, बिल निघाले म्हणून कोणाला द्यायचा. ठेकेदार तो पैसा आपल्या घरून घालीत नाही. तो खडी कमी टाकतो. डांबर पातळ करतो. मोजमापाच्या पुस्तकात मात्र रस्त्याची जाडी पुरी लिहिलेली असते. मोजायला गेले कोण? पहिला पाऊस येतो आणि रस्ता उखडतो. पुढच्या वर्षी त्याच रस्त्याला पुन्हा पैसे मंजूर!

आपल्या वऱ्हाडच्या माणसाला ही रीत नवी नाही. जुन्या काळी बाजारांत भाव कसा ठरे, ते तुमच्या आजोबांनी सांगितले असेल. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालीत. बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल तो शेतकरी समोर उभा असे. त्याला रुमाल दिसे, बोटे दिसत नसत. तोंडाने एक बोलायचे आणि बोटांनी दुसरेच. अशा लबाडीला आळा घालायला बाजारांना नियम लावण्याची सुरुवात आपल्याच भागात झाली. कापसासाठी नियम घातलेला देशातला पहिला बाजार म्हणून कारंज्याचे नाव घेतात. हे १८८६ साली झाले. कारंजा आता वाशीम जिल्ह्यात आहे. पुढे १८९७ साली वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदाच झाला. मग हळूहळू चार लोकांसमोर मोठ्याने बोली लावायची रीत पडली. लबाडी काही एकदम संपली नाही. काटा मारणारे होते, आजही भेटतात. पण रुमाल उचलला तसा शेतकऱ्याला भाव कानांनी ऐकू येऊ लागला. शहराच्या कारभारात रुमाल अजून पुष्कळ ठिकाणी तसाच आहे.

कोणी म्हणेल, "हे तर चालतंच राह्यते बाप्पा. पकडलं कोनाले जाते?" एक खरी हकीगत सांगतो.

अकोल्याहून मुंबईच्या गाडीत बसले की शेगाव, मलकापूर, भुसावळ जाते आणि मग जळगाव येते. तेथे पूर्वी नगरपालिका होती. झोपड्यांत राहणाऱ्या गरिबांना पक्की घरे बांधून द्यायची योजना तिने काढली. घरे थोडीथोडकी नव्हेत, अकरा हजारांच्या आसपास. त्यासाठी कर्ज काढले. ठेकेदाराला बिनव्याजी उचल दिली. आपल्याला सोसायटीचे कर्ज फेडायला चार दिवस उशीर झाला तर व्याज चढते, हे लक्षात घ्या! पैसा गेला, पण ठरल्यापैकी थोडीच घरे पुरी झाली. गरीब झोपडीतच राहिला आणि कर्ज शहराच्या डोक्यावर बसले.

पुढे नगरपालिकेची महानगरपालिका झाली. प्रवीण गेडाम नावाचे अधिकारी तेथे आयुक्त होते. त्यांनी जुने कागद पाहिले आणि २००६ साली पोलिसांत फिर्याद दिली. सुमारे २९ कोटी रुपयांचा घोटाळा झाला, असे त्या फिर्यादीचे म्हणणे होते. खटला लांबत गेला. शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले. त्यांत माजी मंत्री सुरेश जैन होते. त्यांना सात वर्षांची कैद आणि १०० कोटी रुपये दंड अशी शिक्षा दिली. त्यांनी वरच्या न्यायालयात अपील केले, आणि पुढे त्यांना जामीनही मिळाला. फिर्यादीपासून निकालापर्यंत १३ वर्षे गेली. ज्याला घर मिळायचे होते त्याची पोरे तेवढ्यात मोठी झाली.

त्या ४८ जणांत त्या वेळचे पुष्कळ नगरसेवक होते. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. एकेकाने पैसा घरी नेला असे मी म्हणत नाही; तो न्याय कोर्ट करील. पण सभेत ठराव येतो तेव्हा नगरसेवकाने काय करायचे असते? कागद वाचायचा असतो. "उचल बिनव्याजी काहून?" असे विचारायचे असते. पुष्कळ ठिकाणी काय होते? पक्षाचा मोठा माणूस मान हलवतो आणि सगळे हात वर होतात. स्वतः लाच न घेणारा माणूसही असा हात वर करून मोकळा होतो. मग घरी येऊन म्हणतो, "मी एक पैसा खाल्ला नाही." मला असा नगरसेवक अर्धाच प्रामाणिक वाटतो.

बायांना एक गोष्ट सांगायची आहे. २०११ पासून आपल्या राज्यात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पण किती ठिकाणी बाईच्या नावाची खुर्ची आणि बोलणारा तिचा नवरा! ज्या ताई सही करायला शिकल्या आहेत, त्यांनी सहीवर थांबू नये. सहीच्या वरचे चार ओळींचे वाचावे.

चांगला पुढारी मिळेल का, असे लोक विचारतात. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली गाडगेबाबा जन्मले. ते काही नगराध्यक्ष नव्हते, कोणत्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत. पण लोकांचा पैसा कसा हाताळावा हे त्यांच्याकडून शिकावे. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधविल्या. स्वतःजवळ मात्र खराटा आणि मातीचे गाडगे. त्या संस्थांच्या कारभारात त्यांनी आपल्या घरच्यांचा हक्क ठेवला नाही. गावात आले की आधी रस्ता झाडीत आणि मग कीर्तनाला उभे राहत. १९५६ साली ते गेले, त्यांची समाधी अमरावतीत आहे. त्यांच्या नावाने मते मागणारे पुष्कळ येतात. तुमच्या दारी कोणी आला तर त्याला विचारा: तुझ्या भावाला, जावयाला पालिकेचा ठेका आहे का?

आणि तो पाचशेची नोट देऊ लागला तर? ती नोट तो ठेक्यातून वसूल करणार. पाच वर्षांत तुमच्या नालीतून, तुमच्या दिव्यातून, तुमच्या नळातून.

मार्च २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला दोन्ही महापालिकांची मुदत संपली. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही. नगरसेवक नव्हते, प्रशासकाच्या सहीने कारभार चालला. तेव्हा लोकांनी जाब कोणाला विचारायचा? त्याही काळात एक वाट मोकळी होती आणि ती आजही आहे. २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. सरकारी कचेरीतला कागद तुम्ही मागू शकता. तो कशाला हवा, हे सांगावे लागत नाही.

अर्ज साध्या कागदावर करायचा. वर "जन माहिती अधिकारी" असे लिहून कचेरीचे नाव घालायचे. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांपर्यंत मजकूर असा नियम आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. त्याने दाखल्याची नक्कल जोडावी. "अमुक रस्त्याची निविदा, मोजमाप पुस्तकाची नक्कल आणि दिलेल्या बिलाची नक्कल मिळावी", एवढे लिहिले तरी पुरे. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. नाही आले तर त्याच कचेरीतल्या वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करायचे. तेथेही दाद लागली नाही तर राज्य माहिती आयोगाकडे. त्याचे खंडपीठ अमरावतीला आहे, मुंबईला जायला नको. आणि कोणी लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ या नंबरावर फोन करा. २०१८ पासून लाच देणेही गुन्हा आहे. जबरीने द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत कळवावे.

आज पाटीवर हाच अर्ज लिहून पाहू. एकट्याने द्यायला भीती वाटली तर चौघांनी मिळून जावे आणि चौघांनी चार अर्ज द्यावेत. अर्जाच्या दोन प्रती करा. एक त्यांना द्या. दुसरीवर शिक्का आणि तारीख मारून घ्या. कारकून म्हणेल, "उद्या या." तरी शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.