खेळ, भाषा आणि परदेशवारी

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवी सभेत रांजणगाव येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी गेल्या पंचवीस वर्षांचे गोडवे गावेत, अशी रीत आहे. आज मात्र आम्ही आमच्या एका चुकीविषयी बोलणार आहोत.

काही वर्षांपूर्वी आपल्यातील एका कामगार बंधूची चौदा वर्षांची कन्या शाळेच्या फुटबॉल संघाबरोबर जर्मनीस जाण्यासाठी निवडली गेली. पंधरा दिवसांची भेट होती. सकाळी तेथील शाळेत भाषेचा तास, दुपारी मैदान, रात्री एखाद्या कुटुंबात मुक्काम; आणि पुढे तिकडील मुलांनी आपल्याकडे यावयाचे, असा बेत होता. खर्चाचा आकडा ऐकून तिचे वडील आमच्याकडे सल्ल्यास आले. "अंथरूण पाहून पाय पसरावेत," असे आम्ही त्यांस सांगितले. ते मुकाट्याने परत गेले. संघ गेला, मुलगी राहिली.

पुढे एका रविवारी मिस्सानंतर तिने आम्हांस विचारले, "फादर, तुम्ही सेमिनरीत लॅटिन शिकलात, ते कोणाच्या पैशाने?"

उत्तर आम्हांस ठाऊक होते. आमचे वडील शेतमजूर. आमची पुस्तके, कपडे, फार काय, आमचे अंथरूणसुद्धा, ज्यांची तोंडे आम्ही कधी पाहिली नाहीत अशा लोकांनी पुरविले. त्यांनीही आमच्या वडिलांचे अंथरूणच मोजले असते, तर आज आम्ही येथे उभे नसतो.

कोणी म्हणेल, हा श्रीमंतांचा षौक आहे. भाषा घरी बसूनही शिकता येते. व्याकरण घरी येते खरे; परंतु जीभ सैल होते ती माणसांत. वर्गात चुकण्याची लाज वाटते. मैदानावर चेंडू मागताना विभक्ती चुकली म्हणून कोणी हसत नाही. मूल आधी हाका मारू लागते, मग वाद घालते, शेवटी मैत्री करते. आणि भाषा तिच्या मागोमाग येते.

फादर थॉमस स्टीफन्स यांचेच उदाहरण घ्या. हे इंग्रज गृहस्थ १५७९ साली गोव्यास आले, येथील लोकांत राहिले आणि मराठी शिकले. त्यांचे सुमारे ११,००० ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. परक्याच्या घरी शिष्य होऊन राहिल्याविना असे कार्य होत नाही.

आपल्या तरुणांनी खेळासाठी समुद्र ओलांडावा, हेही नवे नव्हे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक करून दाखविले. उलट २०१९ साली मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा परदेशी खेळाडू आपल्या मातीतला खेळ खेळण्यास येथे आले. देवघेव ती हीच. केवळ जाणे म्हणजे सहल. जाणे आणि बोलावणे मिळून नाते होते.

आणि आपल्या रांजणगावास तर जग दाराशी आले आहे. अष्टविनायकांतील महागणपतीमुळे हे गाव पूर्वीपासून यात्रेकरूंच्या ओळखीचे. आता औद्योगिक वसाहतीत कोरियाच्या एलजीसारख्या परदेशी कंपन्यांचे कारखाने उभे आहेत. त्यांच्या फाटकातून आपली माणसे तिन्ही पाळ्यांत जातात. यंत्रावरील परकी अक्षरे पुसण्याचे काम बापाने केले. ती वाचण्याचे काम लेकीने का करू नये?

म्हणून आमची तीन मागणी आहेत. महोत्सवाच्या मांडवातून व जेवणावळीतून जे वाचेल, त्याची एक ठेव व्हावी. जे मूल खेळात व अभ्यासात निवडले जाईल, त्याची वाट बापाच्या पगाराने अडू नये. दुसरे, संघाबरोबर कोण शिक्षक जाणार, मुलींबरोबर शिक्षिका आहे की नाही, मुक्काम कोणाच्या घरी, विमा व पारपत्र यांची व्यवस्था काय, हे सर्व आपण निःसंकोच विचारावे. आंधळा विश्वास म्हणजे औदार्य नव्हे. तिसरे, तिकडील मूल आले की आपले घर लहान म्हणून लाजू नये. त्यास पिठले-भाकरी वाढावी, खो-खो शिकवावा आणि मराठीत हाक मारावी. जे मूल आपली भाषा घरी टाकून जाईल, त्याच्याजवळ परक्यास देण्यासारखे थोडेच उरेल.

त्या कन्येची गेलेली संधी आम्ही परत देऊ शकत नाही. तिची क्षमा आम्ही मागितली आहे, व तिने ती हसत दिली आहे. तिची धाकटी बहीण यंदा सातवीत आहे आणि गोलरक्षक म्हणून उत्तम खेळते. तिची निवड होईल त्या दिवशी तिच्या वडिलांस आमच्या दारी सल्ल्यास येण्याची पाळी येऊ नये. आपण सर्वांनी मिळून त्यांच्या दारी जावे.

प्रभू आपणां सर्वांचे कल्याण करो.