आतल्या खोलीचं चित्र



आगमन-शताब्दीच्या या कार्यक्रमात मला बोलायला बोलावलंत, याबद्दल आभारी आहे. मी काही कलासमीक्षक नाही. ओमानमधल्या सलालाहला प्राथमिक शाळेत लहान मुलांना शिकवते. डी.एड. झाले आणि तेव्हापासून हातात खडूच आहे. त्यामुळे चित्रांवर बोलायचं म्हटलं तरी सुरुवात वर्गातूनच होणार.

तुमच्यापैकी पुष्कळांनी सलालाह पाहिलं नसेल. जून ते सप्टेंबर तिथे भुरभुर पाऊस असतो, त्याला खरीफ म्हणतात. डोंगर हिरवे होतात. रस्त्याच्या कडेला शहाळी आणि केळी विकायला असतात. कोकणातल्या माणसाला क्षणभर वाटतं, गावीच आलो. मी मूळची कुडाळकडची, म्हणून सांगते.

अशाच एका ओल्या सकाळी मी दुसरीच्या मुलांना 'माझं घर' असं चित्र काढायला सांगितलं. एका मुलाने कौलारू घर काढलं. शेजारी आंब्याचं झाड, विहीर, अंगणात कोंबडी. मुलगा जन्मल्यापासून सलालाहच्या फ्लॅटमध्ये राहतो. मी विचारलं, "हे कुणाचं रे?" म्हणाला, "आजीचं. म्हणजे माझंच." मी म्हटलं, "मग आत काय आहे ते पण काढ." त्याने पेन्सिल उचलली, थांबला आणि म्हणाला, "टीचर, आतलं मला नाही माहीत. सुट्टीत गेलो की मी बाहेरच खेळतो."

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

आपल्याकडे चित्रं नव्हती असं नाही. घराघरांत भिंतीवर लक्ष्मी, सरस्वती, दत्तगुरू होते. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि देवांच्या रंगीत तसबिरी गावोगाव पोचल्या. पण त्या तसबिरींत देव होते. ज्या भिंतीवर त्या टांगल्या होत्या, ती भिंत कोण काढणार? ती चूल, ते जातं, माजघरात निवडत बसलेली बाई कोण काढणार?

काही चित्रकारांनी काढलं. कोल्हापूरला 1867 साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर हे त्यांतलं मोठं नाव. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तिथेच शिक्षक झाले आणि पुढे संचालकपदापर्यंत पोचले. 1895 साली त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. चित्राचं नाव होतं 'लक्ष्मी, आलीस का?' अशा अर्थाचं. नुसतं नाव वाचलं तरी घराचं दार उघडल्यासारखं वाटतं. त्यांच्या आणखी एका चित्राचं नाव तर 'घरकाम'. राजे आणि देव काढणाऱ्या काळात या माणसाला घरकाम हा चित्राचा विषय वाटला! लग्नसमारंभ, नऊवारीतल्या बायका, रोजचं वागणं हे सगळं त्यांच्या चित्रांत आहे. त्यांची मुलगी अंबिका हीसुद्धा जे. जे.मध्ये शिकून चित्रकार झाली.

आता मी एक अवघड गोष्ट बोलते, राग मानू नका. ही घरं बहुतेक शहरातली, खाऊनपिऊन सुखी माणसांची. आपले पूर्वज ज्या घरांतून निघाले, ती वेगळी. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, एकाच खोलीत चूल आणि अंथरूण. त्या घरात रंगाची पेटी घेऊन कुणी चित्रकार आला नाही. ज्या वर्षांत 'घरकाम'सारखी चित्रं प्रदर्शनात लागत होती, त्याच वर्षांत मजुरांची जहाजं समुद्रावर होती.

त्या माणसांची एक वेगळी चित्रं मात्र काढली गेली. मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरितांची जुनी दफ्तरं जपून ठेवली आहेत. 1860च्या दशकापासून सरकारने मजुरांचे फोटोही काढले. चेहरा, नाव, क्रमांक. पाठीमागे घर नाही, शेजारी आई नाही, हातात भांडं नाही. ओळख पटावी एवढ्यासाठीच काढलेला तो फोटो. आज पणजोबांचा तो एकच फोटो मिळाला तरी नातवंडं डोळ्यांना लावतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यातून पणजोबा कसे जेवायचे, कुठे बसायचे, पणजी त्यांना काय म्हणून हाक मारायची, हे कळत नाही.

माझ्या ओमानच्या कार्डावरही चेहरा आणि क्रमांकच आहे. मीसुद्धा करारावर आलेली बाई. फरक एवढाच की मी सुट्टीत विमानाने घरी जाऊ शकते. त्यांना ते शक्य नव्हतं, म्हणून स्वतःची तुलना त्यांच्याशी करायला मला लाज वाटते.

आणखी एक चित्र सांगते. सावंतवाडीला 1882 साली जन्मलेले चित्रकार सावळाराम हळदणकर यांचं. चित्रात एक तरुणी समई घेऊन उभी आहे. वारा लागू नये म्हणून तिने ज्योतीपुढे हात धरलाय, आणि बोटांमधून उजेड लालसर दिसतो. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्यांचं समजतात. ते आहे हळदणकरांचं, जलरंगातलं, आणि चित्रातली मुलगी म्हणजे त्यांचीच लेक, गीता. घरातल्याच मुलीला बापाने समोर उभं केलं. मागे सगळा अंधार आहे, भिंत नाही, देव्हारा नाही. तरी पाहणाऱ्याला आपल्या घरची तिन्हीसांज आठवते. सलालाहला माझ्या शेजारच्या आजी संध्याकाळी मजमरमध्ये लुबान जाळून खोलीखोलीत फिरवतात. मी त्यांना मोबाइलवर हे चित्र दाखवलं. भाषा आम्हाला एकमेकींची फारशी येत नाही. त्यांनी चित्रातल्या हातावर बोट ठेवलं आणि मग स्वतःचा हात मजमरपुढे तसाच धरून दाखवला.

आता माझी चूक सांगते. माझ्या आईचं घर भावांनी पाडलं, तिथे स्लॅबचं बांधलं. त्यांचंही बरोबर आहे, कौलं दरवर्षी गळायची. जुन्या घराचे माझ्याकडे पुष्कळ फोटो आहेत. तुळशीपुढे, अंगणात, लग्नाच्या मांडवात. स्वयंपाकघराचा एकही नाही! जिथे आईचं सगळं आयुष्य गेलं, तिथे आम्ही कॅमेरा नेलाच नाही. काळं, धुराचं, दाखवण्यासारखं काय आहे, असं वाटलं. त्या मुलाला मी हसणार होते, पण मीही बाहेरच खेळत राहिले होते.

मग मी स्वतः काढायला बसले. चूल आठवली, तिचा वैल आठवला, शिंकाळं आठवलं. जातं दाराच्या डावीकडे की उजवीकडे, ते आठवेना. मावशीला फोन केला. ती म्हणाली, "उजवीकडे गो. डावीकडे तुझी आई बसायची, तिला दारातून वाट दिसायची म्हणून." एवढी वर्षं त्या घरात वाढले, आई तिथे का बसते हे मला माहीत नव्हतं. चित्र काढायला बसले नसते, तर कधी विचारलंही नसतं.

म्हणून माझी एकच विनंती आहे. या शताब्दीच्या वर्षात प्रत्येक घरातल्या मुलाने सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाजवळ बसावं. त्यांच्या लहानपणीच्या घराचं आतलं चित्र विचारून विचारून काढावं. चूल कुठे होती? पाणी कुठे ठेवायचे? आजारी माणूस कुठे झोपायचा? देव कुठल्या कोपऱ्यात? चित्र वाकडंतिकडं आलं तरी चालेल. मी मार्क देणार नाही. मागे तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव लिहावं, आणि सगळी चित्रं संस्थेने एका फाइलमध्ये ठेवावीत.

धुरंधर आपल्या पणजीच्या झोपडीत आले नाहीत. ते चित्र आता आपल्यालाच काढायचं आहे, आणि सांगणारी माणसं आहेत तोवरच.

त्या मुलाने पुढच्या सुट्टीनंतर मला नवं चित्र आणून दिलं. घराला भिंतच नव्हती, सगळं आतलंच होतं. मधोमध आजी भाकरी थापत होती. "आता माहीत आहे, टीचर," तो म्हणाला.