जीवनरक्षक नौका आणि लोकांचे औदार्य

१९ डिसेंबर १९८१ च्या रात्री इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ ‘युनियन स्टार’ हे मालवाहू जहाज वादळात सापडले. ही त्याची पहिलीच सफर होती. इंधनात समुद्राचे पाणी मिसळल्याने यंत्रे बंद पडली होती. त्यावरील आठ जणांना वाचविण्यासाठी माउझल या कोळ्यांच्या गावचे आठ स्वयंसेवक ‘सॉलोमन ब्राउन’ ही लाकडी जीवनरक्षक नौका घेऊन निघाले. चौघांना त्यांनी नौकेवर घेतलेही. परंतु उरलेल्यांसाठी ते पुन्हा जहाजाकडे वळले आणि सोळांपैकी एकही परतला नाही.

या नौका चालविणारी संस्था १८२४ पासून मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर उभी आहे. दुर्घटनेनंतर मृतांच्या कुटुंबांसाठी तीस लाख पौंडांच्या आसपास निधी जमला.

हे औदार्य वंदनीयच आहे. परंतु जहाज संकटात सापडूच नये म्हणून जे केले जाते, त्याला असा जयघोष लाभत नाही. सॅम्युएल प्लिमसॉल यांच्या चळवळीमुळे १८७६ साली ब्रिटिश जहाजांवर भाररेषा सक्तीची झाली. ती कोठे आखावी हे मात्र मालकच ठरवीत. हा अधिकार त्यांच्याकडून काढून घ्यावयास १८९० साल उजाडले. त्या रेषेमुळे किती खलाशी सुखरूप घरी पोचले, हे कोणीच सांगू शकणार नाही; कारण जे बुडालेच नाहीत त्यांची मोजदाद होत नसते. म्हणून देणगी देणाऱ्याने एक प्रश्नही विचारावा : हे जहाज मुळात संकटात का सापडले?