यंत्राचें बळ आणि खेळकर्त्याची निवड



दूरचित्रवाणीच्या पडद्यास जोडून खेळावयाचें जें यंत्र, ज्यास आपलीं मुलें ‘कन्सोल’ म्हणतात, तें विकत घेतांना पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘यांत सर्वांत बलवान कोणतें?’ प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु जो खेळ रचतो त्याची दृष्टि नेमकी उलट टोकाकडे असते. सर्वांत दुबळें यंत्र वगळलें तर किती खेळाडू हातचे जातील, आणि न वगळलें तर खेळांतून काय काय काढून टाकावें लागेल, हा त्याचा हिशेब.

आमच्या शहरांतील संत एकनाथ रंगमंदिरांत जो महाल थाटानें उभा राहतो, तो तालुक्याच्या गावच्या तात्पुरत्या मांडवांत मावेलच असें नाहीं. म्हणून शहाणी नाटक मंडळी नेपथ्य बांधून घेतांनाच लहान मांडवाचें माप घेते. खेळकर्त्याचेंही तसेंच आहे.

उदाहरणासाठीं फार लांब जावयास नको. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेनें ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ रचला. असुरांनीं पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधांत निघालेली राजी ही त्याची नायिका. दुर्गा व विष्णु तिचे पाठीराखे. २०१७ सालीं लोकवर्गणी जमविण्याचा प्रयत्न फसला, तरी काम थांबलें नाहीं. अखेर १८ ऑगस्ट २०२० रोजीं खेळ प्रसिद्ध झाला तो ‘निन्टेन्डो स्विच’वर, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन व संगणक यांवर तो आला ऑक्टोबरांत. आतां गंमत पाहा. स्विच हें हातांत धरून बॅटरीवर चालणारें यंत्र, त्याची मेमरी चार जीबी. २०१३ सालच्या प्लेस्टेशन ४ ची आठ. म्हणजे नवें यंत्र जुन्याहून दुबळें! शिवाय त्या वर्षीं स्विचची अधिकृत विक्री भारतांत नव्हतीच. पुण्यांत घडलेला, आपल्या देवदेवतांचा हा खेळ पुण्याच्याच मुलास पहिले दोन महिने खेळावयाचा, तर परदेशांतून आलेलें यंत्र मिळवावें लागे. मला ही गोष्ट टोचते. पण स्विच जगांत कोट्यवधि घरांत पोहोंचलें होतें, आणि छोट्या संस्थेस ग्राहक जेथें असेल तेथें जावें लागतें.

दुबळ्या यंत्रांत खेळ बसवितात कसा? चित्रांचा बारकावा कमी करावयाचा, सावल्या ठोकळ करावयाच्या, सेकंदास साठ चित्रांऐवजीं तीसच दाखवावयाचीं. ‘राजी’ ज्या अनरियल इंजिनावर उभा आहे, तशा तयार पायामुळें हें काम पुष्कळ सुकर होतें. परंतु खेळाचा गाभाच जड असला म्हणजे काटछाट पुरत नाहीं. बेल्जममधील लॅरियन या संस्थेचा ‘बाल्डर्स गेट ३’ हा खेळ प्लेस्टेशन ५ वर सप्टेंबर २०२३ मध्यें आला. एक्सबॉक्सवर यावयास डिसेंबर उजाडला. एक्सबॉक्सचीं भावंडें दोन, सोळा जीबीचा ‘सिरीज एक्स’ आणि दहा जीबीचा ‘सिरीज एस’. दोघांवर खेळ सारखाच असावा हा मायक्रोसॉफ्टचा नियम, आणि एकच पडदा विभागून दोघांनीं खेळण्याची सोय धाकट्यास पेलेना. शेवटीं नियम सैल करून धाकट्यापुरती ती सोय गाळावी लागली.

बळ म्हणजे केवळ गणिताचा वेग, असेंही समजूं नये. १९९६ सालचें ‘निन्टेन्डो ६४’ आंकडेमोडींत समर्थ होतें. पण त्याचा खेळ येई कार्ट्रिजमध्यें, आणि त्यांत फार तर चौसष्ट एमबी मावत. प्लेस्टेशनच्या एका तबकडींत सुमारें साडेसहाशें. जपानच्या स्क्वेअर या संस्थेनें निन्टेन्डोची जुनी सोबत सोडली आणि १९९७ सालीं ‘फायनल फॅन्टसी ७’ प्लेस्टेशनवर, तीन तबकड्यांत, आणला.

आपल्याकडे कन्सोल थोड्यांच्या घरीं. फोन मात्र बहुतेकांच्या खिशांत. म्हणूनच पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’नें ऑक्टोबर २०२४ मध्यें आपला ‘इंडस’ हा खेळ आणला तो अँड्रॉइड व आयफोन यांवर. येथें तर यंत्रांचे शेंकडों प्रकार. या धंद्यांत शिरूं पाहणाऱ्या आमच्या तरुणांनीं महागडा संगणक मागण्यापूर्वीं वडिलांचा चार वर्षांचा जुना फोन हातीं घ्यावा, आणि आपला खेळ त्यावर किती मिनिटें सुरळीत चालतो तें घड्याळ लावून पाहावें.