पनवेलात पहिलं घर घेताना



२५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली आणि पनवेल परिसरातल्या घरांच्या जाहिरातींना नवा जोर चढला. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला होता, पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचीही चर्चा होतीच. या साऱ्याची बेरीज करून इथे घरं विकली जातात. मुंबईत किंवा ठाण्यात भाड्यानं राहणारी, नोकरीची दहा-पंधरा वर्षं काढून थोडी पुंजी जमवलेली कुटुंबं रविवारी सकाळी हार्बर लोकलनं पनवेलला उतरतात, दोन-तीन सॅम्पल फ्लॅट पाहतात आणि संध्याकाळी परतताना पंचवीस-पन्नास हजारांचं टोकन देऊन मोकळी होतात. आजचं बोलणं त्या टोकनाच्या आधीच्या काही तासांविषयी आहे.

या कुटुंबांच्या डोक्यात दोन आकडे असतात. घराची किंमत आणि महिन्याचा हप्ता. दोन्ही महत्त्वाचे आहेतच. पण पनवेलमध्ये त्यांच्याही आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ही इमारत कोणत्या जमिनीवर उभी आहे आणि तिला बांधकामाची परवानगी कोणी दिली? एकाच तालुक्यात, चालत जाण्याच्या अंतरावर, या प्रश्नाची चार वेगवेगळी उत्तरं मिळतात आणि प्रत्येक उत्तराबरोबर तपासायचे कागद बदलतात.

जुनं पनवेल हे नगरपालिकेचं गाव. इथली नगरपालिका १८५२ सालची. १ ऑक्टोबर २०१६ पासून तिची जागा महापालिकेनं घेतली. गावातल्या जमिनी बऱ्याच अंशी खासगी मालकीच्या, आणि अनेक इमारती जुने वाडे पाडून त्या जागी उभ्या राहिलेल्या. इथे अडचण असते ती वारसांची. वाडा आजोबांच्या नावावर, वारस आठ-दहा, कोणी पुण्याला तर कोणी परदेशात. बिल्डरशी करार करताना भावांच्या सह्या झाल्या, पण बहिणींचं हक्कसोडपत्र राहिलं, असं घडू शकतं आणि वाद मग सदनिका विकत घेणाऱ्याच्या दारात येतो. म्हणून किमान तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट हवा, तोही आपल्या वकिलानं काढलेला. बिल्डरनं दिलेली टायटलची प्रत वाचावी, मात्र तिच्यावरच विसंबू नये.

नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे, खारघर या सिडकोच्या वसाहती. नवी मुंबई वसवणाऱ्या या शासकीय महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० ची. शासनानं संपादित केलेली जमीन सिडकोनं भाडेपट्ट्यानं दिली आणि मूळ पट्टे साठ वर्षांचे होते. म्हणजे इथे घर विकत घेणाऱ्याला जमिनीची मालकी मिळत नाही, पट्ट्याचे हक्क मिळतात. हे वाईट आहे असं मुळीच नाही; लाखो माणसं अशा घरांत सुखानं राहतात. पण पट्ट्याची किती वर्षं उरली, घर पुनर्विक्रीचं असेल तर सिडकोची हस्तांतरणाची परवानगी कोण आणणार, तिचं शुल्क कोण भरणार, हे करारात लिहून घ्यावं लागतं. तोंडी ठरलेलं हे शुल्क शेवटी घेणाऱ्याच्या माथी येतं.

तिसरी जमीन साडेबारा टक्क्यांची. तिच्यामागे मोठा इतिहास आहे. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा इथला शेतकरी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, पाच आंदोलकांचे प्राण गेले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना आली. आज कामोठे, खारघर, करंजाडे, उलवे इथल्या अनेक इमारती याच भूखंडांवर आहेत. मूळ भूमिपुत्र, सिडको आणि विकासक यांच्यातला त्रिपक्षीय करार हा या इमारतींचा पाया. तो झालाय का, सर्व वारसांच्या नावानं झालाय का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणि चौथी, सर्वांत जास्त फसवणारी जमीन म्हणजे शहराच्या कडेची गावं. विचुंबे, उसर्ली, सुकापूर, आदई, नेरे या पट्ट्यात घर तुलनेनं स्वस्त मिळतं. १० जानेवारी २०१३ रोजी शासनानं विमानतळाच्या प्रभावक्षेत्रातली गावं ‘नैना’ म्हणून अधिसूचित केली आणि नियोजनाचे अधिकार सिडकोला दिले. तेव्हापासून या क्षेत्रात इमारतीला परवानगी सिडकोच्या नैना विभागाची लागते. तरीही ‘ग्रामपंचायतीची परवानगी आहे, घरपट्टी लागते, मीटरही आहे’ असं सांगून तीन-चार मजली इमारतीतली घरं नोटरीच्या कागदावर विकली जातात. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. वीजमीटर म्हणजे मालकी नव्हे. आणि नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणीकृत करार नव्हे. गावठाणातल्या ‘गरजेपोटी’ बांधलेल्या घरांचा प्रश्न प्रकल्पग्रस्तांच्या हक्काचा आहे, त्यावर न्याय्य तोडगा निघायलाच हवा; पण बाहेरून येऊन आयुष्यभराची कमाई लावणाऱ्यानं अशा अधांतरी कागदावर घर घेऊ नये, असं स्पष्टच सांगायला हवं.

‘रेरा नंबर आहे ना, मग झालं,’ असं अनेकांना वाटतं. महारेराचं, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचं, काम १ मे २०१७ पासून सुरू झालं आणि त्यानं खरेदीदाराच्या हाती खरंच मोठं बळ दिलं. पण डोंबिवलीचं उदाहरण विसरता येणार नाही. तिथल्या ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून रेरा नोंदणी मिळवली होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं या इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्यात घरं घेतलेल्या कुटुंबांनी नोंदणीकृत करार केले होते, बँकांनी कर्जंही दिली होती. म्हणजे रेरा क्रमांक आणि बँकेचं कर्ज, दोन्ही असूनही पायाखालचा कागद खोटा निघू शकतो. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक घेऊन तो परवानगी देणाऱ्या कार्यालयातूनच पडताळावा. अर्धा दिवस जाईल. जाऊ द्यावा.

रेरानं दिलेले हक्क मात्र पाठ असायला हवेत. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. विक्री कार्पेट क्षेत्रावरच करायची; ‘सुपर बिल्टअप’च्या नावाखाली फुगवलेला आकडा ऐकला की चौरस मीटरमधला कार्पेट विचारावा आणि चौरस फुटांसाठी त्याला १०.७६ नं गुणावं. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करावी लागते. ठरल्या तारखेला ताबा नाही मिळाला तर व्याज मागता येतं किंवा व्याजासह पैसे परत घेऊन बाहेर पडता येतं. ताब्यानंतर पाच वर्षांत रचनेत दोष निघाला तर तो बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा.  प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकला की मंजूर मजले, विकल्या गेलेल्या सदनिका, जमिनीवरचं कर्ज, न्यायालयातले दावे, ताब्याची कबूल केलेली तारीख, सगळं दिसतं. बिल्डरच्या माणसानं सांगितलेली तारीख आणि तिथली तारीख शेजारी ठेवावी.

आता पैशांकडे येऊ. समजा सदनिका ४४ लाख ५० हजारांची आहे. बांधकाम चालू आहे आणि कार्पेट साठ चौरस मीटरच्या आत आहे. अशा घरावर जीएसटी एक टक्का, म्हणजे ४४ हजार ५०० रुपये. मग बिल्डर आच्छादित पार्किंगचे दीड लाख वेगळे मागतो. एकूण रक्कम होते ४६ लाख. इथे गंमत नाही, मोठा फटका आहे: एक टक्क्याचा दर ४५ लाखांपर्यंतच्या घरांना, आणि त्या मर्यादेत पार्किंगसारख्या रकमाही मोजल्या जातात. ४५ लाख ओलांडले की दर पाच टक्के. कर झाला २ लाख ३० हजार. दीड लाखाच्या पार्किंगनं कर पावणेदोन लाखांहून अधिक वाढवला.

हेच ४६ लाखांचं घर पुढे धरू. पनवेल महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारासह सुमारे सात टक्के, म्हणजे ३ लाख २२ हजार. घर केवळ स्त्रीच्या नावे असेल तर एक टक्का सवलत, म्हणजे ४६ हजारांची बचत. नोंदणी शुल्क ३० हजार. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत देते, आणि त्या किमतीत मुद्रांक-नोंदणीचा खर्च धरला जात नाही. म्हणजे कर्ज जास्तीत जास्त ३६ लाख ८० हजार. उरलेले ९ लाख २० हजार, अधिक मुद्रांक, नोंदणी आणि जीएसटी मिळून सुमारे १५ लाख रुपये स्वतःच्या खिशातून उभे करावे लागतात. सोसायटीची अनामत, वकिलाची फी, पंखे आणि ओटा अजून यात नाहीत. ‘दहा टक्के भरा, घर तुमचं’ या जाहिरातीत हे १५ लाख कुठेच दिसत नाहीत. ते हातात नसतील तर वैयक्तिक कर्ज काढून भरू नयेत. दोन वर्षं थांबावं, हे जास्त शहाणपणाचं.

साडेआठ टक्के व्याज धरलं तर ३६ लाख ८० हजारांचा वीस वर्षांचा हप्ता सुमारे ३२ हजार बसतो आणि व्याजच जवळपास ४० लाख होतं. मुदत पंधरा वर्षांची केली तर हप्ता चार हजारांहून थोडा अधिक वाढतो, पण व्याजात अकरा लाखांहून अधिक वाचतात. बदलत्या दराच्या गृहकर्जात व्यक्तीला मुदतीआधी फेड केल्याबद्दल दंड नाही. बोनस आला की मुद्दलात भरावा.

आणि साठवलेले पैसे एकाच ठिकाणी ठेवू नयेत. ही शिकवण पनवेलनं जवळून घेतली आहे. इथल्याच कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. ठेवविम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच असतं. डाउन पेमेंटची रक्कम त्याहून मोठी होऊ लागली की ती विभागून ठेवावी.

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनी सरकारी वाट आधी तपासावी. पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये वार्षिक नऊ लाखांपर्यंत उत्पन्न, ३५ लाखांपर्यंतचं घर आणि २५ लाखांपर्यंतचं कर्ज असेल, कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्कं घर नसेल, तर व्याजावर एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान मिळू शकतं. सिडकोच्या सोडतीही आहेत: २०१८ मध्ये १४,८३८ घरांची, मग ऑक्टोबर २०२४ पासून २६ हजार घरांची, ज्यात अर्जदाराला घर निवडण्याची मुभा होती. अशा सोडतीत जमिनीच्या कागदांची चिंता नसते. क्षेत्रफळ मात्र नीट पाहावं. २०१८ च्या सोडतीतलं अल्प उत्पन्न गटाचं घर २९.८२ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३२१ चौरस फुटांचं होतं. चार माणसांचं कुटुंब त्यात कसं राहील, याचा विचार अर्ज भरण्याआधी करायचा.

पुनर्विक्रीचं घर घेणाऱ्यांसाठी सिडको वसाहतींत एक खास सूचना. महापालिकेनं इथला मालमत्ता कर ऑक्टोबर २०१६ पासून मागच्या तारखेनं लावला. सिडकोला सेवाशुल्क भरलेल्या अनेक रहिवाशांनी त्याला विरोध केला, काहींनी कर भरलाच नाही. अशी थकबाकी सदनिकेवर चढलेली असू शकते. विक्रेत्याकडून कर भरल्याची ताजी पावती आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र घेतल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नये. बाजारभावातला काही भाग रोखीनं मागणारे विक्रेते भेटतात. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख रक्कम घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, आणि वाद झालाच तर त्या पैशांचा कुठेही पुरावा राहत नाही.

कागद जुळले की पाणी पाहावं. जुन्या पनवेलची तहान गाढी नदीवरचं देहरंग धरण पुरेशी भागवू शकत नाही, बाकी पाणी बाहेरून घ्यावं लागतं. मे महिन्यात टँकर किती येतात, त्याचे पैसे कोण देतं, हे इमारतीच्या पहारेकऱ्याला आणि तळमजल्यावरच्या गृहिणीला विचारावं. २६ जुलै २००५ च्या पुरात पनवेलमध्ये गाढीचं पाणी घरांत शिरलं होतं. नदीकाठची इमारत असेल तर पूररेषा तपासावी आणि जुलैत एकदा तिथे जाऊन यावं. विमानतळाजवळ उंच इमारत घेत असाल तर उंचीचं विमानतळ प्राधिकरणाचं ना हरकत पत्रही बघावं.

ताब्याच्या वेळी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, हातात घेतल्याशिवाय किल्ली स्वीकारू नये. रेराच्या नमुना करारात पैशांचे टप्पे बांधकामाशी जोडलेले आहेत आणि शेवटचा हप्ता ओसीसह ताब्याच्या वेळचा आहे. तो हप्ता खरेदीदाराच्या हातात असेपर्यंत बिल्डर फोन उचलतो.

श्रोतेहो, रविवारी साइट पाहायला जरूर जा. घर आवडलं तर जाहिरातीवरचा रेरा क्रमांक, जमिनीचा सर्व्हे किंवा भूखंड क्रमांक आणि प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या आणि ती दुसऱ्या दिवशी आपल्या वकिलाला दाखवा. ‘आजच टोकन दिलंत तरच हा भाव’ असं कोणी म्हणालं, तर त्या दिवशी टोकन देऊ नका. तक्रारीची वेळ आलीच, तर महारेराकडे पाच हजार रुपये शुल्क भरून ऑनलाइन अर्ज करता येतो. त्यासाठी वकील लावलाच पाहिजे असंही नाही.